न म्हटलेला धवला

प्रिय नमू,

फोन तू उचलत नाहीस आणि जासईला येऊन तुझ्या दारात उभं राहायचा धीर मला होत नाही, म्हणून लिहिते आहे. सातवीत शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक कधी लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं सुधारून वाच.

मी बरी आहे. सकाळी घणसोलीच्या बाजारापर्यंत चालत जाते आणि मासळी घेऊन चालतच परत येते. तळवलीत आपल्या घरासमोर आणखी एक टॉवर उभा राहतोय, दिवसभर ठोकाठोक चालते. तुझी आई तुझं नाव काढत नाही, पण तुझ्या आवडीच्या चिंबोऱ्या केल्या की तिचा हात थांबतो.

माझ्या दुखण्याचं तुला मी नीट सांगितलंच नव्हतं. लग्नघरात रोग कशाला सांगायचा? माझे ठोके वेडेवाकडे पडायचे. हृदयाला एका कोपऱ्यात लहानशी पिशवी असते. ठोके असे बिघडले की तिथे रक्त साकळतं, आणि ती गुठळी डोक्यात गेली की माणूस लुळा पडतो. रक्त पातळ करायची गोळी दिली, तर माझ्या पोटात रक्तस्राव झाला. मग डॉक्टर म्हणाले, ती पिशवीच बाहेरून चिमटा लावून बंद करू. तुझा बाप म्हणाला, "लगीन होऊन जाऊ दे, मंग बघू." मीच ऐकलं नाही. गावातल्या कितीतरी मांडवांत मी धवले, आपली लग्नाची गाणी, म्हटले; ज्या पोरीला मांडीवर वाढवलं, तिच्या हळदीत म्हणताना माझं तोंड वाकडं झालं तर? म्हणून आधीच करून घेतलं.

ऑपरेशन छान झालं. घरी आल्यावर मात्र अंग हलकंहलकं वाटायचं, उठलं की डोळ्यांपुढे अंधार. बीपीच्या जुन्या गोळ्या चालूच होत्या, मीठही बंद होतं. तपासणीला बोलावलं होतं, पण त्याच दिवशी तुझा बस्ता होता, म्हणून मी गेले नाही. पुढे पुढे रूपेशला मी हिरामण म्हणून, त्याच्या बापाच्या नावानं, हाक मारायला लागले. तुझा भाऊ हसला, "आते, वय झाला तुझा."

मग हळद. तू पाटावर बसलेली. तुझ्या सासूबाई उष्टी हळद घेऊन आल्या होत्या आणि माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. बायका धवल्याची वाट बघत होत्या. मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. एक शब्दही नाही. हा मांडव कुणाचा, तेही कळेना. जमीन कलली, मी खांब धरला, आणि आत जाऊन पडले. मागून कुणीतरी माझं नाव घेऊन म्हणालं, "पुतळानं बी नाय मानला हा लगीन." आपण आगरी, अंकुश बौद्ध, लोकांना याहून जास्त काही लागलंच नाही, आणि त्या बोलण्यापायी पुढे तुझ्या बापानंही तुला माहेर तोडलं. लग्न लागून सासरी निघताना तू पाया पडलीस आणि म्हणालीस, "आते, निदान तू तरी." तुझ्या त्या तीन शब्दांचा अर्थ मला नंतर दवाखान्यात लागला.

कारण तू गेल्यावर मी मोरीतच कोसळले. रूपेशनं दवाखान्यात नेलं. रक्तातलं मीठ फार खाली गेलं होतं, बीपी तर त्याहून खाली. डॉक्टर म्हणाले, "आजी, ती पिशवी नुसती पिशवी नसते. अंगातलं मीठ-पाणी सांभाळायला तिचाही हात असतो. बंद केल्यावर काही जणांचं बीपी आपसूक उतरतं. तुमच्या गोळ्या तेव्हाच कमी करायला हव्या होत्या." गोळ्या कमी झाल्या, सलाईनमधून मीठ चढलं. आणि एका दुपारी वॉर्डात पडल्या पडल्या सगळा धवला आठवला, तुझ्या नावासकट, पहिल्या ओळीपासून. मी म्हणत राहिले. शेजारच्या खाटेवरची बाई रडायला लागली.

नमू, ते शब्द आता माझ्याकडे आहेत आणि त्यांचा काही उपयोग नाही. हळद उतरल्यावर म्हटलेला धवला म्हणजे नुसतं गाणं. तुझा मांडव एकदाच उभा राहिला आणि तो मुका गेला. ते मला भरून देता येणार नाही.

आता रूपेशचं लग्न ठरलंय. हिरामण मला धवल्याचं विचारायला आला. मी म्हटलं, नमू मांडवात नसेल तर माझा आवाज पण नसेल. तो उठून गेला. चार दिवस त्यानं चहाही आत बसून घेतला. काल येऊन ओट्यावर बसला, चहा संपवला आणि म्हणाला, "बोलव तिला." मी विचारलं, "एकलीला?" त्यानं कप विसळून उपडा घातला. मग म्हणाला, "दोगांना." तो स्वतः लिहिणार नाही, फोनही करणार नाही, तुला माहीत आहे. म्हणून हे आमंत्रण माझ्या हातचं. अंकुशला घेऊन ये.

तुझीच,
पुतळा आते