माझ्या नावावरचा नकार

कनेरगाव नाका,
दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. रविंद्र यास संध्याअक्काचा सप्रेम जय भीम.

आमी सगळे इकडं खुशाल आहोत. सोयाबीन निघालं, तूर फुलावर आहे. चहाचं हॉटेल बराबर चालून राहिलं. साक्षीच्या बाबांची कंबर अधूनमधून धरते, बाकी तकलीफ न्हाई. साक्षी पण बरी आहे. मुन्नाची सर्दी गेली का? त्याला थंड पाणी देऊ नको म्हणावं सुमनला.

सुमन परवा येऊन गेली. ना सण ना वार, आन हातात साडी! बिचारी चहा निवेपर्यंत बसली. निघता निघता म्हणाली, "अक्का, ह्यांनी सांगितलंय, बुधवारी शाळेत चौकशीला साहेब येतील, तव्हा तेवढं व्हय म्हणा." तिच्यावर काय तोंड टाकायचं? तिची साडी तिच्याच पिशवीत ठेवली आन एसटीत बसवून दिलं. तुला फोन करणार होते, पण फोनवर तू मधीच बोलायला लागतोस. हेडमास्तर झाल्यापासून दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची तुला सवयच न्हाई. म्हणून लिहून राहिले. पुरं वाच.

शाळेच्या पोरी खो-खोत जिल्ह्याला पहिल्या आल्या तव्हा शाळेच्या फाटकात फटाके तूच वाजवलेस. साक्षीच्या दोन्ही गुडघ्यांची सालटं निघाली होती, तरी खांबापाशी सूर मारून शेवटची पोरगी तिनंच बाद केली. आता विभाग, मग राज्य. राज्याला खेळलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येतो, हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं? तूच. बारावीचं वर्ष आहे, पुढच्या साली शाळेच्या सामन्यांना वय बसत न्हाई, हेही तुला माहीत होतं.

मग पोरांचे आन पोरींचे विभागाचे सामने एकाच दिवशी, पण दोन गावी आले. खेळाचे सर एकच. पोरींसंगं बाईमाणूस पाहिजे, आन तुमची एकुलती एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. तू तोंड पाडून सांगितलंस. मी तिथल्या तिथं म्हणले, मी जाते, हॉटेल बंद ठेवते. राणीची आई तर साऱ्या पोरींच्या दशम्या करायला तयार होती. तू म्हणालास, "बघतो अक्का." तुझा होकार येईस्तोवर साक्षीला काही न सांगता मी लुगडी-भांडी भरून वाट बघत बसले रे!

सोमवारी पोरांची जीप गेली. पोरी फाटकात उभ्याच राहिल्या. त्यांना तू सांगितलंस, तुमच्याच घरच्यांनी न्हाई म्हणलंय.

दुसऱ्या दिवशी राणीचे वडील उत्तमराव हॉटेलावर आले आन टेबलावर ग्लास आपटला. "संध्याताई, माझ्या पोरीला मी कव्हा अडवलं? तुमच्या भावानं हिंगोलीला शिक्षण खात्याच्या साहेबांना सांगितलंय, पालकच तयार न्हाईत, माझी सख्खी बहीण पोरीला पाठवायला न्हाई म्हणते. तुमी न्हाई म्हणलं असंल, तर त्यात आमाला काहून ओढलं?"

माझे हात भज्याच्या पिठात होते.

साहेबांकडं तुझी तक्रार उत्तमरावांनी केली, मी न्हाई. मला वाटत होतं तू संध्याकाळी येशील, म्हणशील अक्का चुकलं. तू साडी पाठवलीस.

आन वर लिहिलं ना साक्षी बरी आहे म्हणून? ते खोटं आहे. ती माझ्याशी बोलत न्हाई. ताट घेऊन ओसरीवर जाऊन जेवते. मी शपथ घेऊन सांगितलं, पोरी, मला कोणी विचारलंच न्हाई. तर म्हणते, "मामा खोटं काहून बोलतील?" वक्तृत्वाला कलम पंधरा तूच पाठ करून घेतलंस तिच्याकडून. लिंगावरून भेद करता येणार न्हाई, असं हात वर करून सांगायची. त्या मामापुढं चहावाली आई खोटी पडली.

पोरींना पाठवायचं नव्हतं, तर तसं म्हणायचं होतंस. छाती काढून म्हणायचं, मला पोरांचा संघ मोठा वाटला, त्यात संस्थेच्या अध्यक्षाचा पुतण्या होता, पोरींची जबाबदारी नको वाटली. पण तेवढी धमक कुठली! बायांचा हक्क मारायला पण तुला बाईच लागली, तीही घरची. थू रे!

तुला सवयच आहे म्हणा. आपल्या बाबांच्या माघारी शेताच्या वाट्याचं तलाठ्यापुढं तूच बोललास, "अक्काला काही नको." मी मान हलवली. भावाचं ते आपलं, असं खरंच वाटायचं मला. आन दर चौदा एप्रिलला तू माईकवर हिंदू कोड बिल सांगतोस, बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं म्हणताना तुझा आवाज भरून येतो, आन मी सतरंजीवर बसून सगळ्यांच्या आधी टाळी वाजवते. पुढच्या वर्षी मी मागं बसणार.

सुमन म्हणत होती, व्हय, मीच पोरीला अडवलं, असं मी म्हणलं न्हाई तर तुझ्यावर कारवाई होईल. ते माझ्या जिवाला लागलं. माझ्या कडेवर वाढलास तू. मन डळमळलं, तुझ्यापासून काहून लपवू? पण मी व्हय म्हणले तर साक्षी जन्मभर हेच धरून बसंल की आपल्याला आईनं अडवलं. गेलेला सामना तर कोणीच परत आणत न्हाई. पोरगी पण गेली तर मी काय करू?

बुधवारी मी येणार आहे, साक्षीला घेऊन. ती येत न्हाई म्हणते. हाताला धरून आणीन. साहेबांनी विचारलं की तिच्यासमोर सांगीन, मी न्हाई म्हणले न्हाई. पुढं तुझं काय करायचं ते साहेबांनी बघावं. माझं बोलून झालं की साक्षी तुझ्याकडं बघंल. तव्हा कागदात डोकं घालू नकोस, रविंद्र. तिला तुझं तोंड दिसू दे.

साक्षीची आई,
संध्या अमृतराव खिल्लारे