युनिव्हर्सिटीला पाठवलेला सांधा

१४ जानेवारी १९६३, अहमदी, कुवेत

माझ्या हातचं, फक्त माझ्या — अब्बासच्या दुकानाचं काउंटर. मशिदीत प्रवचनाला उभं राहायचा मिंबर, पायऱ्यांसकट. तेल कंपनीच्या साहेबांच्या क्लबातलं लांब टेबल (त्यावर काय ठेवतात ते मी विचारत नाही). इस्पितळातली औषधांची कपाटं. गावी असताना इद्रीसचा पाळणा. आणि ज्या खुर्चीवर बसून हे लिहितोय ती. तिचा डावा हात अर्धं सूत खाली आहे. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, पण मला ठाऊक आहे ना!

यादी अब्बासला हवी होती. शेजारच्या मंगफ गावात तो सुतारकामाचं दुकान काढतोय. यंत्रं त्याची, हात माझे. पाटीवर 'बदरुद्दीन आणि मुलगा'. अट एकच. "इद्रीसचं कॉलेज जूनमध्ये संपतंय ना? त्याला लगेच बोलवा, बदरुभाई. यंत्रावर तरुण माणूस लागतो. तुमचं वय झालं."

वय! त्याच्याहून चार वर्षांनी लहान आहे मी.

३ फेब्रुवारी

इफ्तारच्या आधी इद्रीसचं पत्र. कॅलिफोर्नियातलं त्याचं कॉलेज दोन वर्षांचंच. आता म्हणतो, पुढे युनिव्हर्सिटीत जाऊन इंजिनियर व्हायचंय. आणखी दोन वर्षं. कॉलेजात शिकलेले विषय तिथे मोजून घेतात — प्रत्येक विषयाचे क्रेडिट असतात, ते पुढे नेता येतात. पण सगळे नाहीत! इंग्रजी मोजतात, इतिहास मोजतात, संगीत ऐकण्याचा एक विषय आहे तो मोजतात. वेल्डिंग, लेथ, सुतारकाम — नाही.

गाणी ऐकली ती मोजायची आणि हातांनी केलं ते नाही!

शरीफा शेवया भाजत होती. म्हणाली, "मग तुमी पन ऐका थोडी गानी. मोजतील तुमाला."

आणखी एक अडचण. भाषण करण्याचा विषय पास झाल्याशिवाय प्रवेशच नाही. पहिल्याच वर्षी त्याने तो घेतला होता. मीच लिहिलं होतं — बोलायला शिकायला अमेरिकेला जायचं? सोड तो, त्याजागी वेल्डिंग घे. पोराने ऐकलं. आता तो विषय उन्हाळ्यात घ्यायचा. पास झाला तर पुढे, नाही तर घरी.

इथे खोटं कशाला लिहू — घरी आला तर मला हवंच आहे. पाटी डोळ्यांसमोर दिसते. पण वेल्डिंग मोजत नाहीत म्हणजे काय!

११ फेब्रुवारी

सागाचे तीन तुकडे घेऊन सांधा केला. खिळा नाही, सरस नाही. एकात एक असे बसतात की फट शोधून सापडत नाही. तुकडे कुठल्या क्रमाने सरकवायचे ते कळलं तरच सुटतो. सोबत माझ्या इंग्रजीत चिठ्ठी — साहेब, हे माझ्या मुलाला येतं, मी शिकवलंय. याचे किती क्रेडिट होतात ते कळवावं.

शरीफा : "अवो, तिकडं लाकूड कोन वाचनार?"

म्हटलं, "इंजिनियर वाचेल."

युनिव्हर्सिटीच्या पत्त्यावर पार्सल टाकून आलो.

१ मार्च

ईद झाली. उत्तर नाही.

२० एप्रिल

उत्तर आलं! छापील कागद, खाली सही. नमुना सुंदर आहे, परंतु लाकडाचं मूल्यमापन करण्याची आमच्याकडे सोय नाही. वस्तू आपल्या मुलाच्या हवाली केली आहे.

'सुंदर' लिहिलंय हे खरं. शरीफाला तेवढंच वाचून दाखवलं.

"पुढं पन लिवलंय काय तरी. ते वाचा."

इद्रीसचं वेगळं पत्र — अब्बा, तुमच्या पाया पडतो, आणखी लाकूड पाठवू नका. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातल्या बाई आता मला लांबूनच हात करतात.

२४ एप्रिल

अब्बासला कळलं. (शरीफानेच सांगितलं असणार.) हसता हसता चहा सांडला त्याने. "बदरुभाई, दरवाजा पाठवायचा होतात! पोरगा सरळ आत गेला असता."

मग गंभीर झाला. सप्टेंबरपर्यंत थांबतो म्हणाला. कालिकतचा एक मिस्त्री तयार आहे, पण अब्बासला मीच हवा. माणूस चांगला आहे. थट्टा जास्त करतो.

१८ जून

सकाळपासून धूळ. दारंखिडक्या बंद, तरी ताटात रेती.

इद्रीसचा भाषणाचा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी उभा राहिला, नाव सांगितलं आणि बसला. एवढंच! लहानपणी घरात पाहुणे आले की आईच्या पदराआड जायचा. तिथे पदर कुठून आणणार?

शरीफा जेवली नाही. म्हणाली, "तुमच्यावर गेला असता तर बरा. तुमचं त्वांड कदी मिटत नाय."

खरं तर चार लोकांसमोर मीही बोलू शकत नाही. हातात रंधा असला तरच बोलतो. तेच लिहिलं शेवटी, तीन कागद फाडल्यावर — बाळा, बोलताना हातात काहीतरी धर. मोकळ्या हातांनी मलाही बोलता येत नाही.

२ ऑगस्ट

पास! नुसता पास नाही, वर्गात पहिला!

शेवटच्या भाषणाला माझा सांधा घेऊन गेला. सगळ्यांसमोर सोडवला, तुकडे वर्गात फिरवले. कुणाला जुळवता येईनात. तेवढ्या वेळात हा बोलत राहिला — साग कसा वाळवतात, काटकोन बघायला अब्बा गुण्या कसा धरतात, चुकलं की काय म्हणतात. (काय सांगितलं असेल कोण जाणे!) वेळ संपली तरी थांबेना. मास्तरीणबाईंनी हात वर करून बसवलं.

पुढे लिहितो — अब्बा, जुळवायची पाळी आली आणि मलाही जमेना. घाम फुटला. मग तुमचा आवाज आठवला. 'दाबू नको, सरकव.' सरकवलं. बसला.

म्हणजे 'माझ्या मुलाला येतं' हे मी थोडं आधीच लिहिलं होतं.

भाषण मोजलं, इंग्रजी, इतिहास, गाणी — सगळं. सरळ तिसऱ्या वर्षात घेतात. शरीफाने पत्र तीनदा वाचून घेतलं. गाणी ऐकल्याचंसुद्धा.

शेवटी एक ओळ आहे ती एकदाच वाचली — मंगफचं दुकान ठरलं असेल तर कळवा. तुम्ही म्हणाल तर येतो.

३ ऑगस्ट

दुपारी शरीफाने हमूर मासा तळला. इद्रीसचा आवडता. दोघं काटे काढत बसलो. मग तीच म्हणाली, "येतो म्हनतोय."

"हं."

"तुमी बोलावलंत तर येईल. नाय म्हननार नाय तो तुमाला."

"ठाऊक आहे."

"म्हनूनच सांगते." आणि पाठ करून स्टोकडे वळली. मला वाटलं तळण जळतंय म्हणून. स्टो विझलेला होता.

मी म्हटलं, "दोन वर्षं फार नसतात."

"लई असतात," ती म्हणाली. "लिवा त्याला, जा म्हनून."

९ ऑगस्ट

इद्रीसला 'जा' म्हणून लिहिलं, आणि जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेरच अब्बासला नाही म्हणून सांगितलं. त्याने थट्टा केली नाही. अर्धी भागीदारी, आणि वर दरमहा दीडशे दिनार — एवढं सोडून आलो.