एका खात्यावरचे दोघे

६ जुलै, सोमवार

श्रीमत् द्विचक्रिकारूढ, उष्णपेटिकाधर, सोपानविजयी, लिफ्टबंदीपीडित, श्वानभुंकारभूषित, पंचतारकाभिलाषी, भूतपूर्व संस्कृताध्यापक, वय वर्षे एकोणपन्नास — असे जे आम्ही, ते आज दुपारी विधिमंडळाच्या बहुमताने अस्तित्वात आलो!

कायदा संमत झाला. साथ असेतोवर घरपोच सेवा देणारा माणूस आजारी पडल्यास त्याला निम्मा मोबदला. आजवर कंपनी आम्हांस ‘पार्टनर’ म्हणत असे. भागीदारी उन्हात होती, नफ्यात नव्हे.

अड्ड्यावर जाड्याने मोबाइलवरून कलमे वाचून दाखवली. जाड्या हा आमचा स्वयंनियुक्त पुढारी.

“मास्तर, हे ‘अनुज्ञेय’ म्हणजे काय?”

“मिळेल, पण विचारून.”

“मग तसं लिहायला काय धाड भरलीय यांना?”

वर ‘आम्ही’ लिहिले ते आदरार्थी नव्हे, खरोखरीचे अनेकवचन होय. माझे खाते मंदगतीच्या दोषास्तव गतवर्षी बंद झाले. तेव्हापासून धाकट्या भावाच्या खात्यावर आम्ही दोघे. सकाळ त्याची, दुपारनंतर मी. फोन हातोहात. मुखपट्टी लावली आहे की नाही हे पाहण्यासाठी यंत्र रोज छायाचित्र मागते. मुखपट्टीच्या वर उरतात ते आईचे डोळे. दोघांनाही तेच मिळाले आहेत. यंत्र संतुष्ट!

९ जुलै

धाकट्यास ज्वर. मी त्याला फोनवर ‘ज्वरपीडित महाराज’ म्हटले. “दादा, आज नको,” म्हणाला.

११ जुलै

रुग्णालयात दाखल केले. कृत्रिम प्राणवायू सुरू. माझी चाचणी निर्दोष.

आत नेण्यापूर्वी फोन माझ्या हाती दिला. “खातं थंड पडू देऊ नकोस हं दादा. तीन दिवस बंद राहिलं की फालतू ऑर्डरी येतात, मग वर यायला महिना जातो.” आज्ञा शिरसावंद्य, म्हणालो. उत्तरादाखल खोकला.

१२ जुलै

सकाळ आणि दुपार दोन्ही चालवल्या. खाते उबदार आहे.

१५ जुलै

भावजयीने नव्या कायद्यान्वये अर्ज भरला. कागद मीच वाचून दिले. भाषा तशी बरी आहे. एक समास चुकला आहे.

१८ जुलै

अर्ज फेटाळला. मदतकक्षास दूरध्वनी केला. मुलगी अत्यंत सौजन्यशील.

“सर, पेशंट तर रोज कामावर आहेत. आज सकाळीच अकरा ऑर्डरी पूर्ण केल्यात त्यांनी.”

त्या अकरा मी केल्या होत्या. आजारपणात निष्क्रियता अनिवार्य — कलम मी स्वतः वाचले होते. वाचले, आणि गाडीला किल्ली लावली! व्युत्पत्ती कळली, अर्थ कळला नाही. पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांना याच दोषासाठी बाकावर उभे केले.

“दुसरं कोणी चालवत असेल,” मी म्हणालो.

“मग खातं कायमचं बंद होईल सर. तशी तक्रार नोंदवू का?”

“नको.”

भावजयीला सांगितले, प्रकरण विचाराधीन आहे.

“भावोजी, सरळ बोला हो. मिळणार की नाही?”

“विचाराधीन.”

“म्हणजे नाही.” संस्कृत इतक्या झटपट कोणीच शिकले नव्हते.

भाडे थकले आहे; घरमालक तिच्या दारावरून दोनदा जाऊन आला आहे. एकदा खोकूनही गेला.

२१ जुलै

आज ऑर्डर त्याच्याच रुग्णालयाची. दुसऱ्या मजल्यावरच्या परिचारिकांचे जेवण. धाकटाही दुसऱ्याच मजल्यावर.

“पार्टनर, गेटपाशी ठेव. आत नाही सोडत,” पहारेकरी म्हणाला. ठेवले. खिडक्या मोजाव्यात असे वाटले, पण पुढची ऑर्डर आली.

मागाहून परिचारिकांचा संदेश आला. धाकट्याच्या नावाने आभार, आणि ‘काळजी घ्या दादा’. पाच तारे.

यावर काहीतरी विनोद सुचायला हवा होता.

२४ जुलै

भावजयीला सर्व सांगितले. ती चहाची भांडी विसळत होती.

“म्हणजे तुम्ही गाडी चालवलीत म्हणून त्यांना काही नाही?”

“हो.”

“त्यांनीच सांगितलं होतं ना?”

“हो.”

नळ बंद केला. “मग आता काय?”

कबुलीजबाब लिहिला आहे. दीड पान, शुद्ध, एकही विशेषण नाही. सोमवारी कंपनीत देईन. जाड्याने कपाळावर हात मारला. “मास्तर, वेडे आहात का? खातं जाईल, वर फसवणुकीची केस! त्याच्या घरात काय खाणार, तुमचं व्याकरण?”

तरी देईन. तो आजारी आहे एवढे तरी कोठेतरी नोंदले जावे.

२७ जुलै, सोमवार

धाकटा काल सकाळी दहाला गेला. मी तेव्हा त्याच्या नावाने एका चौथ्या मजल्याचा जिना चढत होतो.

जाड्याने कायद्यातले पुढचे पान काढले. मृत्यूपूर्वीचे चौदा दिवस सलग कामावर असलेल्याच्या पत्नीस संपूर्ण साहाय्य. “एकही खाडा नाही त्याचा, मास्तर. ते दीड पान फाडा.”

फाडले.

अर्जास मृत्यूचा दाखला जोडायचा आहे. जोडला जात नाही. फाइल मोठी आहे म्हणे, लहान करा. चारदा केली. अजूनही मोठीच आहे.