ललिताची किडनी

१४ ऑक्टोबर
पुन्हा फेस! सकाळी लघवीला गेलो तर फेसच फेस. पाणी ओतलं तरी जाईना. नडगीवर अंगठा दाबून पाहिला — खड्डा पडला, भरून येईना. ट्रान्सप्लांटच्या आधी अगदी असंच सुरू झालं होतं. प्रतिभाला काही बोललो नाही. पण बायको ती, तोंड बघूनच तिला कळलं.

१८ ऑक्टोबर
किडनीचा तुकडा तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट आला. जुनाच आजार, नव्या किडनीत. धाकट्या बहिणीने, ललिताने, पोट चिरून घेऊन किडनी दिली. मी तीही नासवली. माझ्यासारखा करंटा नाही.

२० ऑक्टोबर
प्लाझ्मा सुरू. रक्त बाहेर काढायचं, त्यातलं पाणी बदलायचं, परत आत. सातपूरला आमच्या कंपनीत कूलंट बदलतात तसंच. पण तिथलं मशीन नंतर नीट चालतं! डॉक्टरांना विचारलं, उपयोग होईल? म्हणाले, बघू. हे ‘बघू’ मला चांगलं माहीत आहे.
प्रतिभाने माझ्यासाठी बिनमिठाची चकली तळलीय. घशाखाली उतरत नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
ललिता मखमलाबादहून आली. झेंडूची तोडणी चालू आहे, तरी आली. ओवाळताना दरवर्षीसारखं विचारलंच, “दादा, माझी किडनी काय म्हणते?” मजेत आहे, म्हणालो. प्रतिभा उठून आत गेली.
मग आईला दिसलं — ललिताच्या पायात जोडवी नाहीत! झालं. “नवरा जित्ता हाय ना तुझा? सणासुदीला असे पाय घेऊन आली?” बोटांत रुतायला लागली म्हणून काढली, दिवसभर वावरात उभं राहून होतं तसं, असं ती सांगत राहिली. आई ऐकेना. सोनाराकडून सैल करून आण, म्हणाली. मला बरंच वाटलं. माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

२९ ऑक्टोबर
प्लाझ्माने काडीचा फरक नाही. डॉक्टर आज म्हणाले, हा आजार घराण्यातून आलेला असू शकतो. किडनी देणाऱ्या बहिणीलाही तपासून घ्या. बरं म्हणालो.
रिक्षात बसलो आणि जोडवी आठवली.

३० ऑक्टोबर
मखमलाबादला गेलो. ललिता ओट्यावर फुलं निवडत होती. खाली बसलो, तिच्या नडगीवर अंगठा दाबला. ती हसायला लागली, “दादा, पाया पडतोस का काय माझ्या?”
खड्डा तसाच राहिला.