डब्यातला ग्रह

८ सप्टेंबर, इंझोरी
आले एकदाची! नाशिकहून निघताना सगळ्यांनी नाकं मुरडली होती, पण मला हे गाव बघताक्षणीच आवडलं. शाळेत विज्ञान शिकवायचं आणि घरमालकीण चंपाबाईंच्या पुढच्या खोलीत राहायचं. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर गल्लीतल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणायला जमल्या; कोजागिरीपर्यंत रोज जमतात म्हणे. मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे गाणी झाली की खाऊचा झाकलेला डबा हलवतात आणि आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. बरोबर ओळखलं तरच झाकण निघतं. मी चक्क फुटाणे ओळखले! सातवीतली नमरा तर येऊन माझ्या मांडीवरच बसली. पहिल्याच दिवशी मी लाडकी बाई झाले.

१३ सप्टेंबर
आज वर्गात ट्रॅपिस्ट-१ ई हा ग्रह सांगितला. चाळीस प्रकाशवर्षं दूर, एका छोट्या तांबड्या सूर्याभोवती सहा दिवसांत फेरी मारणारा. त्याची एकच बाजू बहुधा कायम सूर्याकडे असते, म्हणजे एकीकडे सदाची दुपार, दुसरीकडे सदाची रात्र आणि मधल्या पट्टीत न संपणारी संध्याकाळ. बाकी तिथलं कुणालाच काही ठाऊक नाही. मग मला एक युक्ती सुचली. संध्याकाळी माझा रिकामा पितळी डबा भुलाबाईपुढे ठेवला आणि म्हटलं, यात तो ग्रह आहे, तिथे काय काय असेल ते ओळखा. मुली खूश! चंपाबाई मात्र चिडल्या. "रिकामा डबा काहून ठेवून राह्यल्या बाई? भुलाबाईपुढं रिकामा ठेवला का थो भरून मांगते." रिकामा डबा स्वतःला भरायला काहीतरी मागतो म्हणे! मी हसण्यावारी नेलं. जांभळं गवत, काचेचा पाऊस, मी पुष्कळ रंगवून सांगितलं. नमरा डोळे विस्फारून ऐकत होती.

१८ सप्टेंबर
आज ओसरीवर पौर्णिमा आली. शाळेत मराठी शिकवते, याच गावची लेक. ग्रह कोणता नि तारा कोणता हेही तिला धड सांगता यायचं नाही. मुलींनी तिलाही ओळखायला सांगितलं. ती म्हणाली, तिथला सूर्य जागचा हलत नाही म्हणता, मग सावल्याबी हलत नसतीन. "माणूस उठून गेलं तरी सावली तिथंच बसून राहत असन. त्याची माय रोज त्या सावलीवर पांघरूण घालत असन." नमरा माझ्या मांडीवरून उठली आणि तिच्या कुशीत जाऊन बसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ग्रह माझा, डबा माझा, आणि कौतुक हिचं!

२३ सप्टेंबर
आता सगळ्या मुली 'पौर्णिमा बाईंचा ग्रह' म्हणतात. आज मी भुलाबाईपुढेच ठणकावून सांगितलं, त्या संध्याकाळच्या पट्टीत एकच घर आहे आणि ते माझं आहे. पौर्णिमाला तिथे जागा नाही. नमराने विचारलं, "मंग तुमी तिथं कवा जासान?" लवकरच, मी म्हटलं, निव्वळ खुन्नस म्हणून. पौर्णिमा हसून म्हणाली, पांघरूण न्या संगं. मुली खिदळल्या. मी डबा उचलून खोलीत आणला. जड लागला. झाकण काही केल्या निघेना.

२७ सप्टेंबर
मधल्या सुट्टीत मैदानात सगळ्यांच्या सावल्या पायाशी. माझी लांबलचक, पार फाटकापर्यंत. नमरा ती बघून घाबरली आणि पळत जाऊन लपली पौर्णिमाच्या मागे. तिच्याच मागे!

१ ऑक्टोबर
सकाळ, दुपार, सावली एकाच दिशेला. डोळ्यांपुढे सगळं तांबडं. वर्गात गेले तर पौर्णिमा माझा धडा शिकवत होती. मुलींना हाका मारल्या. एकीनेही मान वळवली नाही. घरी चंपाबाई माझ्या खोलीच्या दारात, माझ्याच समोर उभ्या राहून शेजारणीला सांगत होत्या, पुढची खोली कधीची रिकामीच आहे. माझा डबा उचलून त्यांनी पुन्हा ओसरीवर भुलाबाईपुढे ठेवला. खोली पौर्णिमाला देऊ म्हणतात. पौर्णिमाला!

४ ऑक्टोबर
दार उघडलं. ओसरी नाही. जांभळं गवत — माझंच. समोर तांबडा सूर्य, हलत नाही. छपरावर काच पडतेय, टिक टिक. दुसरं घर नाही कुठे. मीच म्हटलं होतं, एकच —

६ ऑक्टोबर, कोजागिरी
वर आभाळ पितळेचं. त्यापलीकडे गाणी — भुलाबाईची —
घर हललं. मी भिंतीवर आपटले. डबा वाजवताहेत.
फुटाणे, म्हणते कुणी. साखर. लाह्या. नमरे, माझं नाव घे गं! बरोबर ओळखलं तरच —
पौर्णिमाचा आवाज. अजूनही तिचा राग येतो, आणि तिलाच हात जोडतेय. तिला ओळखू येईल. तिला सगळं येतं. तिने कान लावलाय. मी ओरडतेय, पौर्णिमा, मी आत —
बाई, काय हाय आत? नमरा विचारतेय.
पौर्णिमा म्हणाली, काई नाई वं, रिका —