नाचघरातला ग्लास

बर्मिंगहॅम, मार्च १९६७

बाबा, तुम्हाला अन् मायला जयभीम.

मी खुशाल हाय. कारखान्यात हात थोडा भाजला होता, आता काय नाय. मायचा खोकला थांबला का?

सुट्टीला मी अन् आपल्या शहागंजचा शफीक इथल्या नाचघरात गेलो. दारवान म्हणाला, "जागा नाही." आमच्या मागचे गोरे मात्र आत गेले. शफीक म्हणाला, "छोड यार." पण मी तुमचा लेक! दौलताबादच्या फाट्यावर हॉटेलाबाहेर आपल्यासाठी येगळी कपबशी असायची, पिऊन आपणच धुवायची. ती घेऊन तुम्ही एकदा सरळ आत बाकावर बसलात, ते मी पाहिलंय.

इथं आता कायदा झालाय, रंगावरून दारात अडवता येत नाय. मी तक्रार केली. असल्या तक्रारींसाठी सरकारी कमिटी हाय, तिनं नाचघराच्या मालकाला बोलावलं. त्यानं माफी मागितली अन् सोता आम्हाला आत नेलं.

नाचता कुठं येतंय! नुसतं सरबत प्यालो. पिऊन झालं तसा ग्लास घेऊन उठलो अन् धुवायला पाणी हुडकाय लागलो. शफीक बघतच राहिला.

मग तुम्ही आठवलात. ग्लास तसाच उष्टा टेबलावर ठेवला अन् ऐटीत बाहेर आलो.

तुमचाच,
पुंजाराम