वाचलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही

५ मार्च २००७
सकाळी भारनियमन. बॅटरीवर एकच मशीन चाललं. तेवढ्यात प्रोग्राम चालवून घेतला, मोठ्या साइटवरून मुंबईच्या खोल्यांच्या नव्या जाहिराती उतरल्या. मग शेजारची नसीमा आली, पर्स खुर्चीला अडकवली, आणि कॅफेत गिऱ्हाईक नव्हतं तोवर दोघी फोनवर बसलो. यादी वाटून घेतलेली: ती कुर्ल्याकडून, मी ठाण्याकडून.

पाढा तोच. "फॅमिली कल्चर्ड पाहिजे हो." कल्चर्ड म्हणजे काय विचारलं की हळूच, "नॉनव्हेज वगैरे…?" अहो, रत्नागिरीहून बोलतोय आम्ही! बांगडा न खाणारं माणूस कुठून पैदा करू? एकाने नसीमाचं नाव ऐकलं आणि फोनच ठेवला. ती म्हणाली, "बरा झाला, गाडीभाडं वाचलं पोरींचं." मला हसू आलं नाही.

संध्याकाळी इंटरनेटवरच्या आमच्या पानावर सगळं मराठीत चढवलं. मासे चालतात की नाही. एकटी मुलगी चालते की नाही. नाव-आडनाव ऐकून नाही म्हणतात का. जाहिरातीत यातलं अक्षर नसतं. पोरी तिथे जातात, जिने चढतात आणि परत येतात. ती फेरी वाचावी एवढंच या पानाचं काम.

८ मार्च
शबानाला मुंबईच्या हॉस्पिटलची ऑर्डर! नसीमाची थोरली, नर्सिंग झालेली. एक मेला हजर व्हायचंय. कॅफेत पेढे.

बाप कुवेतला. त्याचा फोन आला तोही नसीमाने सांगितला: "खोली ठरल्याबिगर पोरगी उंबऱ्याभायेर पडायची नाय." नाहीतर तिकडचंच एक स्थळ त्याने बघून ठेवलंय. म्हणजे खोली नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर निकाह. शबाना हसत होती, पण पेढा तसाच हातात.

मुंब्र्याला मामा आहे. एका खोलीत आधीच सात माणसं.

मुलगे निघतात तेव्हा हा प्रश्न कोणाला पडत नाही. मुंबईत गावाच्या खोल्या आहेत, वाडीवाडीच्या. गाववाला म्हटलं की पथारी टाकायला जागा मिळते, पाळीने झोपतात, पाळीने जेवतात. पण त्या सगळ्या बापयांच्या. पोरींसाठी गावाने आजवर एक कोनाडासुद्धा घेतला नाही. गावच्या मंडळाच्या सभेत एकदा बोलले होते मी, तर अध्यक्ष म्हणाले, "पोरींना कशाला हवी खोली?" त्या रागातूनच हे पान निघालं.

११ मार्च
न.ने आज पुन्हा तेच काढलं. मोठ्या साइटला विचारलं पाहिजे म्हणे.

मी म्हटलं, अगं, जाहिरात देणारे आपल्याशी स्वतः बोलतात. त्यांना भाडेकरू हवाच असतो. साइटवाल्यांना मध्ये कशाला?

"दुसऱ्याच्या आगरातनं जायचं तर गडग्यावरनं हाक मारायची गो. जातंय हां, म्हणायचं. कोण नको म्हणतो?"

खरंच, कुंपणावरून हाक मारली की आपल्याकडे कोणी नको म्हणत नाही. उलट आगरवालाच विचारतो, चहा घेणार काय. पटलं मला. दोघींनी बसून मेल लिहिला. जाहिराती कशा घेतो, फोन करून कोणते तीन प्रश्न विचारतो, कोणाकडून पैसा घेत नाही, तुमचं नाव खाली देतो, सगळं सविस्तर. आपली परवानगी असावी. इंग्रजी शबानाने तपासलं.

१५ मार्च
ठाण्याच्या बाई मिळाल्या! फोनवरच आवडल्या. "मासे? मीच खाते. मुलगी कोणाची का असेना, रात्रपाळीवरून आली की जिन्यात चपला वाजवायच्या नाहीत." आताचे भाडेकरू एप्रिलच्या मध्याला जातात, तेव्हा फोन करा म्हणाल्या. न.ने नाव सांगितलं तर त्यांनी शबानाची ड्युटी किती तासांची असते ते विचारलं. बस्स. माणसाने असं असावं.

कुवेतला लगेच कळवू नको, पक्कं होऊ दे, म्हटलं न.ला. तिने तोवर कळवलं होतं.

२० मार्च
साइटचं उत्तर. चहा विचारायचं राहिलंच.

त्यांच्या जाहिराती कोणत्याही तिसऱ्या माणसाने यंत्राने उतरवायच्या नाहीत, साठवायच्या नाहीत, दुसरीकडे दाखवायच्या नाहीत, त्यावर काही बांधायचं नाही. पान ताबडतोब काढा, नाहीतर कायदेशीर कारवाई.

तिसरा माणूस म्हणजे मी! खोली मालकाची, गरज पोरीची, मग पहिले दुसरे हे दोघे ना? यांची काय, नुसती भिंत. भिंतीवरची जाहिरात वाचून शेजारणीला सांगितली तर भिंतवाला काठी घेऊन येतो का?

डोकं उठलंय. यापुढे 'मोठी साइट' एवढंही लिहायला हात होत नाही. मो.सा. पुरे.

२२ मार्च
मो.सा.च्या मुंबई ऑफिसात फोन. बराच वेळ संगीत ऐकवलं. मग एक तरुण आला, आडनाव आपल्याकडचंच, बोलणं इंग्रजी. मी मराठीवर आणला त्याला.

वाचू ना जाहिराती? "हो मॅडम, वाचा की." लिहून घेऊ? "स्वतःसाठी घ्या." आणि शेजारणीच्या मुलीला सांगू? "मॅडम, ती पॉलिसी आहे."

म्हणजे वाचलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही. हा कुठला धर्म? आमच्याकडे बंदरावर कोणाला पापलेट लागलं हे सांगायला कोणी पॉलिसी बघत नाही.

म्हणतो, दलाल जाहिराती चोरतात, स्वतःचे नंबर लावतात, लोकांना फसवतात, म्हणून नियम. खरं असेल. मीही पाहिलेत तसले. मग चोराला धरा ना! हाक मारून आलेल्याला कसले धरता? चोर काय तुम्हाला मेल लिहून येतो?

शेवटी "समजू शकतो मॅडम" म्हणाला. काय कपाळ समजणार.

२७ मार्च
मो.सा. कॅफेतून उघडतच नाही. दारच बंद केलंय. आणि पानाला जागा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार गेली होती, त्यांनी पान उतरवलं. मला विचारलंही नाही.

एक काका आले होते, जुनी लूना विकायची म्हणून मो.सा.वर जाहिरात टाकायची होती. "तुमच्या इंटरनेटला काय झालं?" त्यांना काय सांगू? गेले दुसऱ्या कॅफेत.

न.वर ओरडले. तुझी ती हाक! गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलंही नसतं. ती म्हणाली, "मी चोरी करायला शिकलेलं नाय." पर्स घेतली आणि गेली. गिऱ्हाइकांसमोर.

बरोबर तीच होती. म्हणून जास्त राग येतोय.

संध्याकाळी, पूर्वी कॅफेत क्लास घ्यायचे तेव्हाचा जुना फळा दाराबाहेर लावला. पेपरातून, ओळखीतून मिळतील त्या खोल्या खडूने लिहिल्या. फळ्याला नोटीस कोण पाठवतं बघते.

३१ मार्च
न. आली. डब्यात कोळंबीभात. माफी दोघींपैकी कोणी मागितली नाही. जेवलो आणि तिने फळ्यावरचं 'मुलुंड' नीट लिहिलं, म्हणाली तुझं अक्षर कोंबडीचं.

१६ एप्रिल
ठाण्याच्या बाईंना फोन केला. आवाजच वेगळा.

"तुम्ही रत्नागिरीच्याच ना? मला साइटकडून मेल आलाय. तिकडून फोन येतात, फसवणूक असू शकते, सावध राहा."

मी सगळं सांगितलं. मेल आम्हीच केला होता, पैसा घेत नाही, मुलीची ऑर्डर दाखवते. बाई ऐकून घेत होत्या. "तुमचा आवाज चांगला वाटतो हो. पण मी एकटी राहते. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली." मग म्हणाल्या, दुसरीला दिली खोली.

त्यांच्यावर रागावता येत नाही हेच वाईट. एकटी बाई घाबरणारच. पण ज्याने तिला घाबरवलं त्याने आमचा एक फोन तरी ऐकला होता का? आम्ही परवानगी मागितली आणि आमचा पत्ता त्यांनी चोरांच्या यादीत घातला.

न. शेजारीच बसली होती. तिने माझ्या हातातून फोन घेऊन जागेवर ठेवला. मला वाटलं रडेल. म्हणाली, "त्याला कुवेतला काय सांगू आता?"

२३ एप्रिल
कॉलेजच्या मशीनवर मो.सा. उघडली. तिथून दिसते.

खोलीची जाहिरात टाकणाऱ्याला आता नवे प्रश्न आलेत. भाडेकरू काय खाणारा हवा. एकटी स्त्री चालेल का. समाज कोणता पसंत. खुणा करायच्या आणि मोकळं व्हायचं. खाली लिहिलंय, नको असलेले फोन टाळा.

माझे प्रश्न! आमच्या मेलमधले, तिन्हीच्या तिन्ही. पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचत सुटले मी, शेजारच्या मुलाने विचारलं बाई बरं वाटत नाही का.

आपसूक सुचले असतील, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. मला माहीत आहे. आम्ही ते विचारत होतो पोरींची फेरी वाचावी म्हणून. यांनी तीच चाळण मालकांच्या हातात दिली, बसल्या जागी गाळा म्हणून. पूर्वी तोंडाने नाही म्हणायला माणूस जरा तरी लाजायचा, फोनवर चाचरायचा, एखादा न.शी बोलता बोलता हो सुद्धा म्हणायचा. आता लाजायचंही कारण उरलं नाही.

मी उचललं ते चोरी. यांनी उचललं त्याला सुविधा म्हणतात.

मेल लिहिला, रागाचा. शबाना म्हणाली, "विजूमावशी, इंग्रजी एकदम बरोबर आहे." पाठवला. उत्तर यंत्राचं: आपला अभिप्राय मोलाचा आहे.

२८ एप्रिल
न. आणि शबाना उद्या निघतात. मुंबईकडची गाडी रिकामीच असते हल्ली, सगळी मुंबई इकडे आंब्याला आलेली. पेपरातून आणि फळ्यावरून काढलेले चार पत्ते बरोबर. फोन केलेले नाहीत, शबानाच नको म्हणाली. "फोनवर नाही म्हणणं सोपं जातं त्यांना. तोंडावर म्हणू देत."

कुवेतला न.ने सांगितलंय, खोली ठरली. "अल्ला माफ करो. कधी खोटं बोललं नव्हतं त्याच्याशी." मग शबानाची बॅग तिने पुन्हा उघडून पुन्हा भरली.

मी काय करू? फळा पुसला, नवा लिहिला.

३० एप्रिल
दुपारी न.चा फोन, मुलुंडहून. मागे बसचे आवाज.

तीन ठिकाणी झालं. एकाने खोली कालच गेली म्हणून सांगितलं. एकाने दार अर्धंच उघडलं. तिसऱ्या बाईने पाणी दिलं, बसवलं, आणि मग म्हणाली, सोसायटी ऐकणार नाही. आता चौथी. शबाना वर गेलीय.

"आणि तू?"

"मी खाली हाय."

"वर का नाही गेलीस?"

"म्हणाली, अम्मी, तू खालीच थांब. मी म्हटलं, बुरखा काढून पिशवीत घालतंय. नको म्हणाली, नुसती थांब." मग म्हणाली, "माझ्याकडे बघितलं नाय तिने हे सांगताना."

कोणावर ओरडू? पोरीवर? तिला रात्री टेकायला जागा हवी आहे, परवा बाप फोन करणार आहे, तिने काय करायचं होतं? पण नसीमा! शंभर घरांना फोन करून जिने पहिलं वाक्य आपलं नाव सांगितलं, ती तिथे दुसऱ्याच्या जिन्याखाली उभी.

कधीची गेलीय वर, विचारलं. "बराच वेळ झाला." मग बोलणं चाललंय, म्हटलं. "नायतर बसवून ठेवलंन असेल."

फोन चालू ठेव, म्हटलं. कॅफेत दोन मुलं गेम खेळत होती, त्यांना आवाज बंद करायला लावला.

"थांब गो, कोणतरी उतरतंय," म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्यानंतर आला नाही. दोनदा हातात घेतला, लावला नाही.